गोड सफेदा

माझ्या बापाची तारीफ करणारं कुणी भेटलं की मी कामाचं निमित्त काढून सटकते. "उस्तादांचा हात लागलेल्या भिंतीला तीस वर्षं बघायला नको," असं लोक म्हणतात. भिंतीऐवजी उस्तादांसोबत तीस वर्षं काढायची असती, तर कळलं असतं. घरात तो धड बोलत नसे. बोललाच, तर समोरच्याची अक्कल काढायला. बाहेर मात्र कुणी उस्ताद म्हटलं की मान अशी डोलवायचा, जणू समोरच्याने ओळखायला जरा उशीरच केला. तोंडावर मी त्याला आबा म्हणते, तुम्ही म्हणते. इथे 'तो' लिहिणार आहे. तेवढी मोकळीक माझी मला असू दे.

तो घरं रंगवायचा. त्याच्या कामात खोट काढायची माझी फार इच्छा होती, पण ती सापडायची नाही. आधी पात्याने खरवडणार, मग भेगांत लांबी भरणार, मग पॉलिशपेपर, मग अस्तर, आणि मग रंगाचे हात. दोन सांगितले तर तीन मारणार. शेवटच्या हाताला तर तो खोलीत कुणाला श्वाससुद्धा घेऊ द्यायचा नाही. संध्याकाळी घरी यायचा तो भुवयांपासून पायांच्या नखांपर्यंत पांढरा होऊन, आणि तसाच जेवायला बसायचा. आई म्हणायची, "निदान हात तरी धुवा." त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर होतं, "हा मळ नाही, ही कमाई आहे." आई बिचारी त्याचे कपडे घराबाहेर झटकायची. झटकलेलं सगळं परत तिच्याच केसांत.

त्याची खरी कीर्ती मात्र हाताची नव्हती, जिभेची होती. जुन्या घराचं काम आलं की तो आधी खिडकीच्या चौकटीचा एक पोपडा नखाने काढायचा आणि जिभेवर ठेवायचा. डोळे मिटायचा. घरमालक, मालकीण, शेजारीपाजारी, सगळे गप्प उभे. मग डोळे उघडून निकाल द्यायचा. पोपडा खडूसारखा लागला, तर "थू, हे सगळं काढावं लागेल." गोड लागला, तर चेहरा खुलायचा. "शिशाचा सफेदा आहे हा. असली माल. याला खालपर्यंत खरवडू नका, यावरच हात मारू." आणि लोक एकमेकांकडे बघून माना हलवायचे, काय जीभ आहे! डॉक्टर नाडी बघून सांगतात, त्याहून यांची जीभ बरी, असं एका म्हाताऱ्याने म्हटलेलं मी स्वतः ऐकलंय. ते वाक्य बापाने मरेपर्यंत पुरेल असं जपून ठेवलं.

मी पाच-सहा वर्षांची असताना दुकानांत तो सफेदा मिळेनासा झाला. विकायला बंदी आली होती. का आली, हे विचारायच्या भानगडीत बाप पडला नाही. "चांगली वस्तू यांना बघवत नाही," एवढंच म्हणाला, आणि तीन दुकानं पालथी घालून उरलेसुरले बावीस डबे घरी आणले. माळ्यावर रचले. त्या डब्यांना हात लावायची आम्हाला बंदी होती. उगाच कुणाच्याही दिवाणखान्यात तो सफेदा लागायचा नाही. त्यासाठी जागाही तशीच तोलामोलाची लागायची.

आता माझ्याबद्दल. मी ढ. हे मी नम्रपणे म्हणत नाही, हे माझं घरातलं नाव होतं. ढब्बू. रागात ढब्बे. आकडे माझ्या डोक्यात टिकायचे नाहीत. आत्ता पाठ केलेला पाढा तोंड धुऊन येईपर्यंत गेलेला असायचा. बाप ब्रश साफ करत ओट्यावर बसायचा आणि मला समोर उभं करायचा. "माळ्यावर बावीस डबे. सात वापरले. किती राहिले?" मी छताकडे बघायची. "वर काय बघतेस? वर डबे आहेत, उत्तर नाही." मग मी काहीतरी सांगायची, मग टर्पेंटाइनचा वास असलेली चपराक. गल्लीतल्या मुलांना तो मुद्दाम बोलावून तेच गणित घालायचा, म्हणजे ती उत्तर देतील आणि मी ऐकेन. दोनदा एकाच इयत्तेत बसले, तिसऱ्यांदा शाळेनेच हात जोडले. "रंग चांगला असून उपयोग काय, लाकूडच पोचट," असं तो मास्तरांना म्हणाला. मी दाराआडच उभी होते.

मी त्याला माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी कुणी वाट बघायला नको.

आकडे नाही जमले, पण लहान मुलं जमली. रडणारं मूल माझ्याकडे दिलं की चार मिनिटांत गप्प होतं. आमच्याच रस्त्यावर एका बाईंचं पाळणाघर होतं. तिथे मी आधी मदतनीस होते. बाई थकल्या, तेव्हा ते माझ्याकडे आलं. तळमजल्यावर पाच खोल्या, सात खिडक्या, चौदा मुलं. सगळ्यात धाकटं सात महिन्यांचं, सगळ्यात मोठी बेकरीवाल्याची चार वर्षांची मुलगी. आई गेल्यावर बाप वरच्या मजल्यावर एका खोलीत राहायला आला. त्याचं मनगट तोवर लोंबायला लागलं होतं, कप दोन्ही हातांनी धरायचा. पोटात मुरडा यायचा, त्याला तो वात म्हणायचा. कामं बंद झाली होती, जीभ तेवढी चालू होती. जिन्यातून उतरताना माझ्या खिडक्यांवर हात फिरवायचा आणि आलेल्या पालकांना ऐकवायचा, "सव्वीस वर्षं झाली. जुन्या बाईंसाठी मी दिलाय. पुसा, घासा, काही होत नाही."

मग बेकरीवाल्याची मुलगी जेवेनाशी झाली. पोट दुखतं म्हणायची, चेहरा पिठासारखा पांढरा. येणारे शब्दही ती विसरायला लागली. बेकरीवाला तिला डॉक्टरकडे घेऊन गेला, डॉक्टरांनी रक्त तपासलं, आणि रक्तात शिसं निघालं. चार दिवसांनी आरोग्य खात्याच्या नर्सबाई आमच्या दारात. बुटक्या, कोरड्या, हातात कागदांची फाइल. मला त्या बघताक्षणी आवडल्या नाहीत.

"शिसं रक्तात थोडंसुद्धा असायला नको," त्या म्हणाल्या. "हिच्या घरात काही सापडलं नाही. दिवसाचे नऊ तास ती इथे असते."

त्यांनी खिडक्या बघितल्या. झडप उघडली, मिटली, पुन्हा उघडली. चौकटीला झडप घासते तिथे बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोटावर पांढरी पूड होती.

"खिडकी रोज उघडता ना? रोज ही पूड कट्ट्यावर पडते. मुलं कट्ट्याला धरून उभी राहतात, मग बोटं तोंडात. पोपडा सापडला, तर तोही तोंडात. गोड लागतो त्यांना."

गोड हा शब्द ऐकला आणि मी वर, बापाच्या खोलीकडे बघितलं.

त्यांनी प्रत्येक खोलीतले पोपडे पुड्यांत बांधले. निकालाला तीन आठवडे लागणार होते. तोवर पाळणाघर बंद. मी म्हटलं, "बाई, यांच्या आया कामाला जातात. ही मुलं जातील कुठे? कुलूप लावलेल्या घरात?" त्या म्हणाल्या, "हे मलाही दिसतं. रंग कोणी दिला होता, कुठे कोणता दिला होता, हे खात्रीने सांगणारं कुणी असेल, तर निदान एखादी खोली उघडी ठेवता येईल. नाहीतर सगळंच बंद." आणि जाता जाता उंबऱ्यावर थांबून बोट दाखवून म्हणाल्या, "कोरडा झाडू मारायचा नाही. काही खरवडायचं नाही. ओलं फडकं, आणि ते फडकं दर वेळी नव्या पाण्यात."

खात्रीने सांगणारा माणूस माझ्या डोक्यावर राहत होता. मी जिना चढून गेले.

"आबा, खाली कुठल्या खिडक्यांना सफेदा दिला होता?"

"का? कुणाला काय अडचण आहे?"

मी सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि हसला. तो हसतो तेव्हा त्याच्या हिरड्यांच्या कडेची काळसर निळी रेघ दिसते. लहानपणी मला ती रंगाची वाटायची.

"साठ वर्षं मी जिभेवर ठेवतोय. मेलो का?"

"तुमच्या हाताला कप धरवत नाही."

"वय झालंय! त्या बाईला सांग, माझ्या रंगाला नाव ठेवायला तिला सात जन्म लागतील. बेकरीवाल्याला म्हणावं, पोरीला नीट खायला घाल. स्वतःचा पाव दगडासारखा, आणि दोष माझ्या खिडकीला!"

"कुठल्या खिडक्या, एवढंच सांगा."

"सांगत नाही. उद्या म्हणाल, उस्तादाने विष दिलं."

तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्याच्यासमोर आवाज चढवायची सवयच नव्हती, मी जिना उतरून आले. दोन दिवस असेच गेले. बेकरीवाला रोज सकाळी दारात उभा राहून अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडायचा, "हिच्याकडे पोरं ठेवू नका!" ज्या आयांनी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडून घेतलं होतं, त्या आता समोरच्या कडेने जायला लागल्या. एक बस कंडक्टर तेवढा येऊन म्हणाला, "काही होत नाही हो, आम्हीपण लहानपणी भिंती चाटल्यात." त्याला बघून मला काही धीर आला नाही.

सगळ्यात धाकट्या बाळाला ताप होता. रविवारी दुपारी मी त्याच्या घरी जाऊन परत आले, तर पाळणाघराचं दार उघडं. आतून खर्र, खर्र असा आवाज. तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखेन. मधल्या खोलीत बाप स्टुलावर उभा होता. दोन्ही हातांनी पातं धरून त्याने एक अख्खी चौकट, जागोजागी लाकडापर्यंत, सोलून काढली होती. खोलीत धुकं होतं. मुलांच्या गाद्यांवर, उशांवर, ठोकळ्यांवर, कापडी सशाच्या कानांवर, सगळीकडे पांढरी पूड. कोपऱ्यात झाडूही होता, म्हणजे पुढची तयारीही होती.

"हे बघ," तो विजयी मुद्रेने म्हणाला. "वरचे दोन थर कुणा गाढवाचे आहेत. पोपडे सुटलेत ते त्यांचे. माझा खालचा थर बघ, हलला नाही. आता ते गाढवाचं काढून टाकलं की झालं. बोलव तुझ्या बाईला."

आणि हे बोलत असताना त्याने सवयीने एक पोपडा उचलून तोंडाकडे नेला.

मी त्याच्या हातावर फटका मारला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. पोपडा उडाला, पातं खाली पडलं, तो भिंतीला धरून कसाबसा उतरला.

"बापावर हात उचललास?"

"उचलला! पुन्हा उचलीन! हे विष आहे, आबा. तुमच्या खालच्या थराचं विष आहे, आणि तुम्ही ते माझ्या पोरांच्या उशांवर पसरलंत! ती बेकरीवाल्याची पोर माझं नाव विसरलीय. रोज माझं नाव घेऊन टाटा करत जाणारी पोर. तुमच्या त्या एका खिडकीपाशी दिवसभर उभी असायची ती. आणखी किती पोरं हवीत तुम्हाला? बोला, किती?"

मी एवढं ओरडू शकते हे मलाच माहीत नव्हतं. तो माझ्याकडे बघत राहिला. मग गादीवरच्या सशाकडे. मग स्वतःच्या तळहाताकडे. तो पांढरा होता.

नर्सबाई रविवारची सुट्टी सोडून आल्या. आल्या आल्या आम्हा दोघांना बाहेर काढलं, अंगावरचे कपडे बदलायला लावले, कोपरापर्यंत हात धुवायला लावले. गाद्या आणि कापडी खेळणी पिशव्यांत बांधून टाकून द्यायची ठरली. बाकी सगळं ओल्या फडक्याने, वरून खाली, तीन वेळा. बापाला त्या एक शब्दसुद्धा टाकून बोलल्या नाहीत. त्याने त्याला जास्त लागलं असावं. शिव्या दिल्या असत्या, तर त्याने परत दिल्या असत्या.

संध्याकाळी फरशा वाळल्या, तेव्हा तो जिन्याच्या पायरीवरून उठला. "या," म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळलं नाही, म्हणून आम्ही दोघी गेलो. तो खोल्यांतून चालत गेला आणि लोंबत्या हाताने एकेक खिडकी दाखवत गेला. "ही. ही पण. ही नाही, ही साधी आहे. इथे दार बदललंय, इथे नाही. मागच्या दोन खोल्यांत सफेदा पुरला नव्हता, त्या सोडा." सव्वीस वर्षांपूर्वीचा प्रत्येक हात त्याच्या ध्यानात होता. नर्सबाई खडूने फुल्या मारत होत्या.

"उरलेले आठही डबे लागले," तो मध्येच म्हणाला. "दिवाणखान्यांना देत नव्हतो मी. पैसेवाल्यांनी मागून दिला नाही. म्हटलं, लहान पोरांची जागा आहे, सारखं पुसावं लागणार, इथे पक्काच रंग हवा. इथेच दिला."

नर्सबाईंच्या हातातला खडू थांबला. मग त्यांनी पुढच्या खिडकीवर फुली मारली.

शेवटच्या खोलीत खिडक्या नव्हत्या. तिथे सात महिन्यांच्या बाळाची खाट होती, लाकडी कठड्याची. ती आमच्याच घरातली. मी पाळणाघर घेतलं तेव्हा आणली होती. दणकट होती आणि रंग अजून शाबूत. बाप दारातच थबकला. मग म्हणाला, "हिला चार हात आहेत."

"कशाला चार?" मी विचारलं.

"तू व्हायची होतीस."

कठड्याच्या वरच्या दांडीवर दातांचे व्रण होते. बारीक, एकाला एक लागून, उंदराने कुरतडल्यासारखे. तेवढ्या पट्टीत रंग नव्हता, उघडं लाकूड होतं. ते व्रण माझे. आमच्याकडे हा कौतुकाचा विषय होता. आल्यागेल्याला तो दाखवायचा, "आमच्या ढब्बूने खाट खाल्ली! काही दिलं तरी नको, हिला खाटच लागायची." लोक हसायचे, मीही हसायची. घरात माझं कौतुक होईल अशी तेवढी एकच गोष्ट होती.

आता कुणी हसलं नाही. मी नर्सबाईंना सरळ विचारलं, "माझं डोकं याच्यामुळे असं आहे का?" त्या म्हणाल्या, "तेव्हाचं रक्त कुणी तपासलेलं नाही. आता कुणालाच सांगता येणार नाही." मला त्यांचाही राग आला. हो म्हणाल्या असत्या तरी आला असता, नाही म्हणाल्या असत्या तरी.

खाट त्याच संध्याकाळी गेली. मागच्या दोन खोल्या दुसऱ्या दिवशी पुन्हा ओल्या फडक्याने पुसून उघडल्या. बाकीच्या तीन खोल्यांच्या चौकटी उखडून नव्या बसेपर्यंत तिकडे कुलूप. चौदाही मुलांचं रक्त घेतलं गेलं. बेकरीवाल्याच्या मुलीशिवाय आणखी तिघांच्या रक्तात शिसं सापडलं. बेकरीवाला आला, तो मुलीला सोडायला नाही, मला चार शब्द सुनवायला. मी ऐकून घेतले. मग त्याला सांगितलं, जेवणाआधी साबणाने हात, पोट रिकामं ठेवायचं नाही, दूध, अंडी, पालेभाजी, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा रक्त. तो म्हणाला, "मला शिकवू नका." पण लिहून घेतलं.

बाप रोज सकाळी नऊला खाली येतो. बोलावलेलं नसतं. बादली घेतो, फडकं पिळता येत नाही म्हणून दाराच्या कडीत अडकवून पीळ देतो, आणि कट्टे पुसतो. वरून खाली, तीन वेळा. माझं काम चुकलं की अजूनही तोंड वाकडं करतो. मीही त्याला बसा म्हणत नाही.

तीन आठवड्यांनी निकालाचे कागद घेऊन नर्सबाई आल्या. बापाने सांगितलं होतं ते एकूण एक खरं निघालं. मग त्यांनी एक तक्ता पुढे केला. या रंगाच्या सहवासात राहिलेल्या मुलांची यादी लिहायची होती, खाली एकूण संख्या. मी एकेक नाव लिहिलं. आकड्यांच्या बाबतीत माझा माझ्यावर भरवसा नाही, म्हणून बोट ठेवून दोनदा मोजलं. खाली लिहिलं, चौदा.

मागून आवाज आला, "चुकलं."

बाप ओलं फडकं हातात घेऊन उभा होता. मी छताकडे बघितलं, थेट तशीच, आणि त्यापाठोपाठ संताप आला. या बाईंसमोर, आजही!

"चौदाच आहेत," मी म्हटलं. "दोनदा मोजलीत मी."

"पंधरा लिही," तो म्हणाला.

मी वळून बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. शेवटच्या खोलीच्या दारातून, खाट होती त्या रिकाम्या जागेकडे बघत होता.